गेमिंग पीसी कोणी घ्यावा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक मराठी घरांत एक वाद हमखास सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला गेमिंग पीसी हवा असतो आणि आईवडिलांना लाखाच्या घरातला खर्च खेळासाठी करणं पटत नसतं. मुलं सांगतात, अभ्यासालाही उपयोगी पडेल. पालक म्हणतात, अभ्यासाला साधा लॅपटॉप पुरतो. हाच वाद आता तिशी-पस्तिशीतल्या कमावत्या माणसांच्या मनातही चालतो. शाळेत असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून 'काउंटर-स्ट्राइक' खेळलेली ही पिढी आज स्वतःच्या पगारातून यंत्र घेऊ शकते. पण घराचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि मुलांची फी यांच्या रांगेत गेमिंग पीसीला कितवा क्रमांक द्यायचा, हे तिला ठरवता येत नाही.

'गेमिंग' अशी पाटी लावलेलं यंत्र नेमकं काय करतं, जास्तीचे पैसे कशाचे घेतं आणि कुठल्या पायरीनंतर त्या पैशांतून फारसं काही हाती लागत नाही, हे कळलं तर निम्मा वाद मिटतो. उरलेला निम्मा तीन प्रश्नांवर अवलंबून आहे. कोणते खेळ खेळणार? आठवड्याला किती तास? आणि खेळ बंद केल्यावर त्याच यंत्रावर दुसरं काय करणार? माझं ठाम मत असं की, तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला गेमिंग पीसी बहुतेक वेळा परवडतो. ज्याच्याकडे ते नाही त्याने कमी खर्चात भागवावं. त्याच्या खेळण्याच्या आनंदात त्यामुळे फारशी तूट येणार नाही.

जास्तीचे पैसे कुठे जातात

प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड, एसएसडी आणि कॅबिनेट हे सगळं ऑफिसच्या संगणकातही असतं. गेमिंग पीसीला वेगळं करतं ते ग्राफिक्स कार्ड. साध्या संगणकात चित्र उमटवण्याचं काम प्रोसेसरच्या आतच बसवलेला एक छोटा भाग करतो. गेमिंग पीसीत त्यासाठी वेगळं कार्ड असतं. त्याला स्वतःची मेमरी आणि स्वतःचे पंखे असतात, आणि एकूण किमतीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, ते एकटंच घेतं.

एवढं काय काम असतं त्याला? फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे जवळजवळ २० लाख ७४ हजार ठिपके असतात. खेळातली हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून सेकंदाला निदान ६० चित्रं लागतात. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. समोरच्या भिंतीवर उजेड किती पडला, पाण्यात काय दिसतं, धुरामागचा माणूस किती पुसट दिसायला हवा, हे सगळं त्यातच आलं. एका चित्राला मिळणारा वेळ असतो सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १६.७ मिलिसेकंद.

प्रोसेसर हा लग्नघरातल्या मुख्य आचाऱ्यासारखा असतो. कठीण निर्णय, एकामागून एक येणारी वेगवेगळी कामं तो झपाट्याने करतो. पण हजार माणसांच्या पंगतीत एकाच वेळी भात पोचवायचा असेल तर निष्णात आचारी एकटा काय करणार? तिथे शंभर वाढपी लागतात. प्रत्येकाचं काम सोपं आणि सारखंच असतं, पण ते सगळे एकाच वेळी कामाला लागतात. ग्राफिक्स कार्डात असे हजारो छोटे गणक असतात आणि प्रत्येक जण आपापल्या वाट्याच्या ठिपक्यांचा हिशोब करत राहतो.

अशी कार्डं घराघरांत पोचवली ती खेळांनीच. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं 'वूडू' कार्ड आलं आणि त्याच वर्षीच्या 'क्वेक'सारख्या खेळांनी लोकांना ते विकत घ्यायचं कारण दिलं. १९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' हे कार्ड 'जीपीयू' या नावाने बाजारात आणलं. पुढे याच कार्डांकडून खेळाबाहेरची कामंही करून घेता येऊ लागली. त्या कामांचा संबंध पीसी घ्यावा की नाही या निर्णयाशी थेट येतो, म्हणून त्यांच्याकडे पुढे सविस्तर वळू.

आधी मॉनिटर, मग कार्ड

पैसे वाया जातात ते बहुधा इथे. माणसं आधी कार्ड निवडतात आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो मॉनिटर घेतात. क्रम उलटा हवा. कार्डाला किती काम करावं लागणार हे मॉनिटर ठरवतो.

फुल एचडीच्या वरची पायरी २५६० गुणिले १४४० ठिपक्यांची. तिथे ठिपके जवळजवळ ३६ लाख ८६ हजार होतात, म्हणजे काम पावणेदोन पटीहून जास्त वाढतं. फोर-केवर ते ८२ लाख ९४ हजारांवर जातात, फुल एचडीच्या बरोबर चौपट. २४ इंची फुल एचडी मॉनिटर टेबलावर दोन फुटांवर ठेवणाऱ्या माणसाने फोर-केच्या ताकदीचं कार्ड घेतलं, तर त्या ताकदीचा मोठा भाग वर्षानुवर्षं नुसता पडून राहतो.

वेगाचंही तसंच. साध्या मॉनिटरवरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, गेमिंग मॉनिटरवर १४४ वेळा, तर आणखी महागड्यांवर २४० वेळा. ६० वरून १४४ वर गेलं की दोन चित्रांमधलं अंतर १६.७ वरून ६.९ मिलिसेकंदांवर येतं. हा जवळजवळ दहा मिलिसेकंदांचा फायदा बहुतेकांना लगेच जाणवतो. माउस हलवला की नजर फिरल्यासारखं चित्र फिरतं. १४४ वरून २४० वर गेलं की ६.९ चे ४.२ होतात, म्हणजे वाचतात तीन मिलिसेकंदांहूनही कमी. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला त्याचं मोल असू शकतं. रोज रात्री तासभर मित्रांशी खेळणाऱ्याने तेच पैसे चांगली खुर्ची किंवा मोठी एसएसडी घेण्यात घालावेत.

२०१८ पासून आणखी एक गोष्ट स्वस्त कार्डांच्या मदतीला आली आहे. एनव्हिडियाने त्या वर्षी 'डीएलएसएस' हे तंत्र आणलं आणि २०२१ मध्ये एएमडीने 'एफएसआर'. चित्र कमी ठिपक्यांत काढायचं आणि मग हुशारीने मोठं करायचं, ही त्यामागची कल्पना. एफएसआरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या दुसऱ्या कंपन्यांच्या आणि जुन्या कार्डांवरही चालतात. त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वीचं मधल्या ताकदीचं कार्ड आजही फुल एचडीवर नेटाने काम करतं.

तुमचा खेळ काय मागतो

'गेमिंग' या एका शब्दाखाली फार वेगवेगळे खेळ येतात. रायट गेम्सने जून २०२० मध्ये आणलेला 'व्हॅलोरंट' आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांत कमालीचा लोकप्रिय आहे. त्याची कंपनीने सांगितलेली किमान गरज आहे ४ जीबी रॅम आणि इंटेल एचडी ४०००, म्हणजे २०१२ च्या सुमाराच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स. सेकंदाला १४४ चित्रं हवी असतील तर जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ सालचं साधं कार्ड पुरतं, असं कंपनी सांगते. जुन्या यंत्रांवरही खेळता यावं अशाच बेताने तो खेळ बांधला आहे. सेकंडहँड पीसी घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट तपासावी. विंडोज ११ वर या खेळाला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात, आणि फार जुन्या मदरबोर्डांवर त्या नसतात.

अशा ऑनलाइन खेळांत हरण्या-जिंकण्याचा संबंध कार्डापेक्षा पिंगशी, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेशी, जास्त असतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर अंतर हवाई मार्गाने ३९०० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद निसर्गनियमानेच लागतात आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. सर्व्हर मुंबईत असेल तर पुण्या-नाशिकच्या खेळाडूचा हा वेळ कितीतरी वाचतो. घरातलं वायफाय सोडून राउटरपासून थेट लॅन केबल ओढण्याचा खर्च काही शे रुपयांचा असतो, आणि या खेळांत ती केबल महागड्या कार्डापेक्षा जास्त उपयोगी पडते.

दुसऱ्या टोकाला 'बाल्डर्स गेट ३' सारखे २०२३ मधले भव्य खेळ आहेत. या एका खेळाला १५० जीबी जागा आणि एसएसडी लागते. हल्लीच्या मोठ्या खेळांना कार्डावरची ८ जीबी मेमरीही वरच्या सेटिंगला अपुरी पडू लागली आहे. ज्यांना हेच खेळ, याच थाटात खेळायचे आहेत त्यांनी नवं कार्ड घेताना १२ किंवा १६ जीबी मेमरीकडे पाहावं. बाकीच्यांसाठी तर कार्डाशिवायची वाटही मोकळी आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी सारख्या प्रोसेसरांत बऱ्यापैकी ताकदीचं ग्राफिक्स अंगभूत असतं. त्यांच्याबरोबर रॅमची एक कांडी घेण्याऐवजी त्याच क्षमतेच्या दोन घ्याव्यात, कारण हे ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन कांड्यांमुळे तिचा वेग वाढतो. वर्षभर असं खेळून पाहावं आणि गरज वाटली तर त्याच मदरबोर्डवर कार्ड बसवावं.

खर्चाचा हिशोब तासांत करावा

फुल एचडीवर बहुतेक खेळ चांगले चालवणारा असेंबल केलेला पीसी अलीकडच्या वर्षांत साधारण साठ ते ऐंशी हजारांत बसत आला आहे. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन आणि यूपीएस धरले की आकडा लाखाकडे सरकतो. आपण ९० हजार धरू आणि पाच वर्षांत ते पूर्ण वसूल करायचे आहेत असं मानू.

रोज दोन तास वापरणाऱ्याचे पाच वर्षांत ३६५० तास होतात, म्हणजे तासाला सुमारे २५ रुपये. जो फक्त शनिवार-रविवारी मिळून चार तास खेळतो, त्याचे १०४० तास होतात आणि तासाला जवळजवळ ८७ रुपये पडतात. आपल्या शहरातल्या गेमिंग कॅफेचा तासाचा दर या आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. कधीमधी खेळणाऱ्याला कॅफेच स्वस्त पडेल, शिवाय तिथे मित्र असतात. तोच पीसी मात्र दिवसा घरातल्या कुणाच्या कामासाठी चार तास चालला, तर खेळाच्या वाट्याला येणारा खर्च एकदम खाली येतो. सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाला एवढं महत्त्व आहे ते यामुळे.

वीजबिलाची भीती थोडी अवाजवी आहे, पण निराधार नाही. जीफोर्स आरटीएक्स ४०६० हे मधलं कार्ड जास्तीत जास्त ११५ वॅट घेतं. पूर्ण पीसी खेळताना ३०० वॅट घेतो असं धरलं, तर रोज दोन तासांचे महिन्याला १८ युनिट होतात. आरटीएक्स ४०९० एकटंच ४५० वॅट घेतं आणि २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालेलं आरटीएक्स ५०९० तर ५७५. तिथे हा आकडा दुपटीच्या पुढे जातो. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांवर टप्पे बदलतात. महिन्याला ९० युनिट वापरणारं घर १८ युनिटांच्या भरीने १०८ वर गेलं, की वरची आठ युनिटं महाग दराने मोजली जातात.

आत गेलेली सगळी वीज अखेर उष्णता होऊन खोलीत येते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात बंद खोलीत हे चांगलंच जाणवतं. कार्ड आणि प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. म्हणजे महाग कार्ड घेऊनही हवा खेळती नसेल तर त्याचा पूर्ण वेग मिळत नाही. समोर काच लावलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा जाळीचं कॅबिनेट आपल्या हवेला मानवतं. कोकणात आणि गोव्यात दमट हवा, घाटावर धूळ, म्हणून जाळ्या आणि पंखे दर दोन-तीन महिन्यांनी साफ करायलाच हवेत.

वीज सारखी जाते अशा तालुक्याच्या गावी यूपीएसही विचार करून घ्यावा लागतो. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचाच भार उचलतो. खेळताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्या मर्यादेजवळ पोचतात आणि वीज गेली की यूपीएससकट सगळं बंद पडतं. त्याहून मोठा यूपीएस घ्यावा. एसएमपीएसवर तर कधीच काटकसर करू नये. साऱ्या यंत्राला वीज पुरवणारा हा भाग हलका निघाला, तर जाताना तो महागडे भागही बरोबर नेऊ शकतो.

खरेदीची वेळही महत्त्वाची. ग्राफिक्स कार्डांच्या किमती खेळांशी संबंध नसलेल्या कारणांनी चढतात आणि उतरतात. २०२१ मध्ये क्रिप्टो चलनांच्या मायनिंगसाठी ही कार्डं इतकी उचलली गेली की साधी कार्डंही मूळ किमतीला मिळेनाशी झाली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धत सोडली, कार्डांची गरज संपली आणि बाजारात सेकंडहँड कार्डांचा पूर आला. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी वाढली आणि रॅमचे भाव जगभर भडकले. त्या डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. भाव असे तापलेले असताना घाई नसेल तर थांबणं हीच बचत असते.

कन्सोल, लॅपटॉप की पीसी

केवळ खेळायचं असेल, तेही टीव्हीसमोर बसून, तर कन्सोलला तोड नाही. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्क असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. तेवढ्या पैशांत त्या ताकदीचा पीसी तेव्हा बनत नव्हता. प्लेस्टेशन ३ आला २००६ मध्ये, ४ आला २०१३ मध्ये आणि ५ आला २०२० मध्ये. म्हणजे एक यंत्र साधारण सात वर्षं चालतं, कारण खेळ बनवणारे नेमक्या त्याच यंत्रासाठी काम घोटून घेतात. सेटिंग, ड्रायव्हर, तापमान यांची कटकट नाही.

कन्सोलचा खर्च नंतर दिसतो. सोनीचे मोठे नवे खेळ ४,९९९ रुपयांना मिळतात आणि विकतच्या खेळांत ऑनलाइन खेळायचं तर सदस्यत्वाचे वेगळे पैसे भरावे लागतात. पीसीवर ऑनलाइन खेळायला असं शुल्क नाही. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या 'स्टीम' या दुकानात २०१५ पासून रुपयांत किमती दिसतात, सेलमध्ये जुने मोठे खेळ निम्म्या-पाव किमतीत मिळतात आणि खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परतही मिळतात. सोनीने आपले 'होरायझन झीरो डॉन' आणि 'गॉड ऑफ वॉर' सारखे खेळही २०२० पासून पीसीवर आणले आहेत. आणि १९९८ चा 'हाफ-लाइफ' आजच्या पीसीवरही चालतो. पण खरेदी करताना हेही माहीत असावं की स्टीमवर आपण खेळाचा परवाना घेतो, मालकी नाही. २०२४ पासून स्टीम हे पैसे भरतानाच स्पष्ट लिहून दाखवतं.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांना लॅपटॉपवाचून गत्यंतर नसतं. तो घेताना कार्डाच्या नावावर विसंबू नये. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कंपनी आणि मॉडेलनुसार ३५ ते ११५ वॅटच्या मर्यादेत चालवलं जातं, म्हणून एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांच्या वेगात बराच फरक पडू शकतो. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०९० ची चिपच डेस्कटॉपमधल्यापेक्षा वेगळी आणि लहान आहे. किती वॅटचं कार्ड आहे, हे दुकानदाराला विचारून मगच पैसे द्यावेत.

टेबलावरच्या पीसीचं मोठं बळ आहे दुरुस्ती आणि बदल. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन दुकानांतून कोटेशन घ्या, प्रत्येक भागाचं जीएसटी बिल वेगळं मागा, म्हणजे प्रत्येक भागाची वॉरंटी तुमच्या हातात राहते. एएमडीच्या एएम४ सॉकेटचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवण्याच्या जागेचं, उदाहरण बोलकं आहे. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायॉस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलला आणि यंत्र पुन्हा तरुण झालं. मॉनिटर, कॅबिनेट आणि चांगला एसएमपीएस तर दोन पीसींचं आयुष्य काढतात. एकदम लाख रुपये घालण्यापेक्षा हळूहळू घडवलेला पीसी मध्यमवर्गीय घराला जास्त झेपतो.

खेळता खेळता घडवणं

तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे 'दुसरं काय करणार' याचं उत्तर फक्त पीसीच देऊ शकतो. कन्सोलवर माणूस दुसऱ्याने बनवलेला खेळ खेळतो. पीसीवर तो खेळ उघडून पाहता येतो, बदलता येतो, नवा बनवता येतो. 'काउंटर-स्ट्राइक'चा जन्मच असा झाला. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या खेळात फेरफार करून तो बनवला आणि पुढे व्हॉल्व्हने तो विकत घेतला. 'डोटा'ही 'वॉरक्राफ्ट ३' मध्ये खेळाडूंनी केलेल्या बदलांतूनच उभा राहिला.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध केला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र खेळांच्या यादीत त्याला नामांकन मिळालं. तो 'अनरियल इंजिन' या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बनला आहे. हे इंजिन शिकणाऱ्यांना फुकट मिळतं, आणि ते नीट चालायला लागतो तो गेमिंग पीसीच्याच ताकदीचा संगणक.

खेळांपलीकडचा पल्ला आणखी मोठा आहे. २००७ मध्ये एनव्हिडियाने 'कुडा' ही सोय खुली केली आणि ग्राफिक्स कार्डाकडून कोणतंही समांतर गणित करून घेणं सोपं झालं. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्सकेव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी 'ॲलेक्सनेट' नावाचं चित्र ओळखणारं न्यूरल नेटवर्क शिकवून तयार केलं. ते शिकवलं होतं खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर. आजच्या एआयच्या लाटेची सुरुवात अनेक जण तिथून मोजतात. हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या घरांत याचे उपयोग अधिक साधे आणि लगेच पैसे मिळवून देणारे आहेत. लग्नाचे व्हिडिओ करणारा तालुक्याच्या गावचा छायाचित्रकार 'डाव्हिंची रिझॉल्व्ह'वर एडिटिंग करतो तेव्हा त्याचे तास हेच कार्ड वाचवतं. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला 'लुमियन'मध्ये इमारत उभी करून दाखवायला ते लागतं. 'ब्लेंडर' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन शिकणाऱ्याला ते लागतं. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा 'फ्लो' हा चित्रपट ब्लेंडरमध्येच बनला आहे.

'अभ्यासाला लागेल' हे कारण मात्र प्रामाणिकपणे तपासायला हवं. सी, जावा, पायथन शिकायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. वेबसाइट बनवायला लागत नाही. मशीन लर्निंगचे सुरुवातीचे प्रयोग 'गुगल कोलॅब'वर ब्राउझरमधून फुकट करता येतात. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला एवढ्यावरून गेमिंग पीसीची गरज सिद्ध होत नाही.

वेळेची किंमत

पालकांची खरी काळजी पैशांपेक्षा वेळेची असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आपल्या रोगवर्गीकरणात घेतला आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. खेळण्यावरचा ताबा सुटणं, इतर गोष्टींपेक्षा खेळाला वरचढ स्थान मिळणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, ही त्याची लक्षणं. सहसा वर्षभर हे चित्र दिसलं तर निदान केलं जातं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत अशांसाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. भरपूर खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो, पण ज्या घरात ही लक्षणं दिसत आहेत तिथे नवं यंत्र आणण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

यंत्र महाग आहे म्हणून व्यसन लागतं असंही नाही. खिशातला फोन रात्री पांघरुणातही सोबत येतो, टेबलावरचा पीसी येत नाही. तो बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवला तर कोण काय खेळतंय, कुणाशी बोलतंय हे घराला दिसतं, आणि आईवडिलांनीही कधी शेजारी खुर्ची ओढून बसावं. वेळ ठरवण्याचा करार घरात असा उघड्यावर होतो तेव्हा तो पाळला जाण्याची शक्यता जास्त असते.

मग निर्णय कसा घ्यायचा

जो फक्त 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' खेळतो, त्याने अंगभूत ग्राफिक्सचा किंवा जुन्या कार्डाचा पीसी घ्यावा आणि वाचलेले पैसे १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर आणि लॅन केबलवर घालावेत. ज्याला सुट्टीच्या दिवशी सोफ्यावर बसून मोठे, गोष्ट सांगणारे खेळ खेळायचे आहेत, त्याने कन्सोल घ्यावा. जो महिन्यातून दोन-चारदाच खेळतो, त्याने कॅफेत जावं. आणि ज्याला एडिटिंग, ॲनिमेशन, इमारतींची त्रिमितीय चित्रं, खेळ बनवणं किंवा एआयचे घरगुती प्रयोग यांपैकी काही मनापासून करायचं आहे, त्याने गेमिंग पीसी अवश्य घ्यावा, मधल्या ताकदीचा घ्यावा, आणि त्यावर खेळताना अपराधी वाटून घेऊ नये. त्याच्या घरात आलेली वस्तू हत्यार आहे आणि खेळणंही.

'मनापासून' आहे की नाही हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. ब्लेंडर, डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि खेळ बनवण्याचं 'गोडो' इंजिन, तिन्ही आज फुकट उतरवून घेता येतात. गोडो तर साध्या लॅपटॉपवरही चालतं. खरेदीआधी महिनाभर घरात आहे त्याच यंत्रावर यातलं एक शिकायला सुरुवात करा. महिनाअखेरीस फाइल उघडलीच गेली नसेल, तर लाखभर रुपये आणि एक वाद वाचला. पण काम पुढे गेलं असेल, रेंडर व्हायला रात्र लागत असेल, टाइमलाइन अडकत असेल आणि तरीही तुम्ही ते सोडलं नसेल, तर नव्या पीसीत नेमकं काय हवं ते तुम्हाला दुकानदाराला विचारावं लागणार नाही. तुम्हीच त्याला सांगाल.